पाट की पाठ

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज इमारतीतल्या मुलांना शिकवायला गेलो. मागचे दोन मंगळवार बुडवले होते. एकदा काम निघालं, आणि एकदा, खरं सांगायचं तर, कंटाळा. कळवलं कुणालाच नाही. फुकट शिकवणाऱ्याला कोण जाब विचारणार!

कुणी विचारलाही नाही. दुसऱ्या मजल्यावरची ती नऊ वर्षांची पोर मात्र आज माझ्या चटईवर आली नाही. खिडकीपाशी पाठमोरी चित्र रंगवत बसली. हाक मारली तर म्हणाली, "आज मला वाचायचं नाहीये." मी इतरांचे पाढे घेतले. अर्ध्या तासाने आपणहून वही घेऊन आली.

शुद्धलेखन घातलं. 'पाठ' सांगितलं, तिने 'पाट' लिहिलं. 'धार'चं 'दार'. इतके महिने मी हे अभ्यासाच्या कच्चेपणात जमा करत होतो. आज खिडक्या लावून पुन्हा सांगितलं, तरी तेच. मग तिने मान वर केली, माझ्या ओठांकडे बघितलं आणि 'पाठ' लिहिलं. पुढचे सगळे शब्द तिने तसेच, बघून लिहिले.

सरकारी घरांच्या या इमारतीत तिच्या खोलीखाली पंप आहे आणि खिडकीसमोर उड्डाणपूल. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये महामार्गावरच बांधलेल्या ३२ मजली इमारतींतल्या मुलांची पाहणी छापून आली होती. चार वर्षं किंवा जास्त तिथे राहिलेल्यांमध्ये, खालच्या गोंगाटाच्या मजल्यांवरच्या मुलांना सारखे वाटणारे शब्द वेगळे ओळखणं जड जात होतं, वाचनही मागे होतं. सततचा आवाज ऐकायचा नाही अशी सवय कानाला लागते, आणि त्या सवयीत माणसांचं बोलणंही वगळलं जातं, असा संशोधकांचा तर्क. आम्ही वह्या वाटतो, दप्तरं वाटतो. शांत कोपरा कसा वाटणार?

दुसरी गोष्ट जास्त टोचली. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ सालचा अभ्यास मी मागे वाचला होता. मोठ्या माणसाशी जोडून दिलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला तो सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली तेव्हा. तीन महिन्यांच्या आत सुटली, तर मुलांच्या मनातली स्वतःची किंमत उलट घसरली. वाचलं तेव्हा मान डोलावली होती. तेव्हा मी नियमित होतो ना!

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "दादा, पुढच्या वेळी येणार की नाही ते आत्ताच सांगा. नाहीतर मी वर टीव्ही बघत बसेन."

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या चार मंगळवारच्या तारखा लिहून दिल्या, खाली सही केली. तिने सही दोनदा निरखली.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. तिसऱ्या मंगळवारी मी गावात नाही, तिकीटही काढून झालंय. उद्या सकाळी आधी तेच बदलून घ्यायचंय.