लाल औषध, मामाचा चहा आणि टकलाचा साबण

परवा ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला, त्यांच्या भाच्याला लिम्फोमा निघालाय, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, वय २२. "तू यातनं गेलायस, मी त्याच्याशी काय बोलू रे?" मला फोनवर धड काही सुचलंच नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझं २४ व्या वर्षी निघालं. हॉजकिन लिम्फोमा, मानेला गाठ आणि छातीतपण. हा आजार तरुण पोरापोरींनाच जास्त गाठतो हे तेव्हा कुठं माहीत होतं. मिरजेला दर १४ दिवसांनी कीमो, असे १२ डोस, म्हणजे सहा महिने गेलेच. चार औषधांतलं एक लालभडक, त्यानं लघवीपण लाल होते, सिस्टरनी आधी सांगितलं होतं तरी पहिल्यांदा बघून मी बाथरूममधनंच "आये!" म्हणून ओरडलो.

डे केअरमध्ये, म्हणजे कीमो घेऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डात, सगळे पन्नाशी-साठीचे. शेजारचे काका मलाच विचारायचे, "पेशंट कोण हाय तुमचं?" त्यांना वाटायचं मी कुणाला तरी घेऊन आलोय. डॉक्टर लोक १५ ते ३९ वयाचा वेगळाच गट धरतात म्हणे, कारण या वयातले प्रश्नच वेगळे, नोकरी नुकती लागलेली, गाडीचा हप्ता चालू, घरात लग्नाचा विषय. इंग्लंडात तरण्या पोरांसाठी वेगळे वॉर्ड आहेत. आपल्याकडं मी आणि माझा हेडफोन.

लग्नावरनं आठवलं. कीमोच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "लग्न झालंय का?" आणि आई तेवढ्या टेन्शनमध्ये पण म्हणाली, "नाय अजून, बघतोय की स्थळं." डॉक्टरांना विचारायचं होतं वेगळंच. कीमोनं पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते, म्हणून आधीच वीर्य गोठवून ठेवता येतं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. शेवटी मामा घेऊन गेला, बाहेर बाकावर पेपर वाचत बसला, मी आल्यावर एवढंच म्हणाला, "झालं? चल, चहा घेऊ." आजपर्यंत त्यानं तो विषय परत काढलेला नाही. आधार म्हणतात तो मला तरी त्या कटिंगमध्येच मिळाला.

बाकी सल्ल्याला तोटा नव्हता. आमची सांगली म्हणजे हळदीचं गाव, २०१८ ला त्या हळदीला जीआय टॅगपण मिळाला, म्हणजे त्या गावचीच म्हणून सरकारी ओळख, त्यामुळं येणारा प्रत्येकजण कच्ची हळद, हळदीचं दूध, अमक्याच्या मेव्हण्याला हळदीनंच बरं वाटलं. मला तर कीमोनंतर फोडणीतल्या हळदीच्या वासानंच उलटी यायची, हे कुणाला सांगणार. मग युवराज सिंग. "युवराजकडं बघ!" अरे बघितलं की. २०११ चा वर्ल्डकप गाजवला, पुढच्या वर्षी अमेरिकेत कीमो घेतली आणि त्याच सप्टेंबरात परत इंडियाकडनं खेळला, मोठाच माणूस. पण त्याचा कॅन्सर वेगळा, माझा वेगळा, आणि मला त्या दिवशी दोन जिने चढवत नव्हते.

मित्र पहिल्या आठवड्यात ११ जण आले, सफरचंदं घेऊन. तिसऱ्या कीमोला दोन. एकानं तर विश्रामबागला मला बघून गाडी वळवली, दीड वर्षानं स्वतःच येऊन रडला, म्हणाला काय बोलायचं तेच कळत नव्हतं लका. राग गेला माझा. पण तेव्हा लई लागलं होतं.

जो राहिला त्यालापण बोलायला येत नव्हतंच. तो सरळ म्हणाला, "मला काय सुचत नाय, कीमो कधी हाय तेवढं सांग, गाडी घिऊन येतो." सर्दी असली की यायचा नाही, फोन करायचा, कारण कीमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साध्या सर्दीनंपण गोत्यात येतो आपण. ताप १००.४ च्या वर गेला की वाट बघत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा असं बजावलेलं, एकदा रात्री दोनला चढला आणि हा पंधरा मिनिटांत दारात, लुंगीवर. संध्याकाळी बरं असलं की आयर्विन पुलावर न्यायचा, आज कुठल्या खांबापर्यंत चाललो ते मोजायचा, आणि सगळा वेळ त्याच्या ऑफिसातल्या साहेबाला शिव्या. कॅन्सरवर एक शब्द नाही.

तर ताई, भाच्याला "खंबीर राहा" म्हणू नका, तो कुणासमोर रडला तर रडू द्या. तारीख विचारा, डबा काय खपतो ते विचारा. आणि त्याला माझा नंबर द्या, मलापण एकानं असाच दिला होता, तासगावकडचा पोरगा, माझ्यापेक्षा चार कीमो पुढं, रात्री दीडला दोघंपण जागेच असायचो.

दिला वाटतं त्यांनी. काल रात्री अनोळखी नंबरवरनं मेसेज आला, हाय नाही हॅलो नाही.

"दादा टकलाला शॅम्पू लावायचा का साबण?"

"साबण. शॅम्पूचे पैसे वाचव."