सभासद यादीत नसलेलं नाव

सार्वजनिक न्यासाचं उत्पन्न-खर्च पत्रक म्हणजे शेड्यूल नऊ. ते ज्यांनी कधी भरलंय त्यांना त्यातला एक भाग ठाऊक असेल. 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' असा मथळा आणि खाली एकाखाली एक पाच ओळी: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, इतर धर्मादाय. मी एका सी.ए.च्या ऑफिसात कामाला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या भागातली मारुतीची देवस्थानं, दर्गे, विहार आणि चर्च यांची व्हाउचरं तपासायला मला पाठवतात. या पाच ओळींपैकी पहिलीच तेवढी भरलेली आणि खालच्या चार कोऱ्या, हे चित्र आता डोळ्यांना सवयीचं झालंय. त्यात कुठल्या एका धर्माला नावं ठेवायचं कारण नाही. रंगरंगोटी, मंडप, लाउडस्पीकर, वीजबिल, पुजारी नाहीतर पाळकाचं मानधन, इतक्यात पैसा संपतो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानासारखी दवाखाने आणि इंजिनिअरिंग कॉलेज चालवणारी संस्थानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यामुळे दारव्ह्याकडच्या एका खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फायलीत ऑक्टोबरचं ते व्हाउचर दिसलं तेव्हा हात थांबला. रक्कम रुपये 18,000. तपशील गुरुजींच्या वळणदार अक्षरात: 'फवारणी विषबाधा, अतिदक्षता, मदत'. मागे टाचणीला औषधांच्या दुकानाची बिलं, घामानं चिकटलेली. बेरीज केली तर 17,640. उरलेल्या 360 रुपयांपुढं पेन्सिलीनं 'एसटी भाडं' लिहिलेलं. इतकं चोख व्हाउचर मोठमोठ्या संस्थांत बघायला मिळत नाही. अडचण एकच होती. ज्याच्या नावानं पैसे गेले, त्याचं नाव सभासद यादीत नव्हतं.

"गुरुजी, हे कोण?"

"सालगडी हाय जी. चर्चच्या मागच्या आवारात राह्यते. आपला नाई तो." गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, आणि मंडळीचे खजिनदार किती वर्षांपासून आहेत ते त्यांनाही आठवत नाही.

फवारणीचं विष काय असतं हे या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. 2017 च्या हंगामात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात गेले होते. हा सालगडीही तसाच सापडला. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, वारा उलटा, तोंडाला नुसता दुपट्टा. संध्याकाळी बांधावरच उलट्या सुरू झाल्या. आधी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं पैसे भरा म्हणाले. मालक परगावी. बायको रात्री गुरुजींच्या दारात. गुरुजींकडे त्या आठवड्याचं अर्पण, सणाच्या लिलावाचे पैसे आणि कपाटाची किल्ली. मीटिंग बोलवायला वेळ कुठून आणणार?

आता लेखापरीक्षण अहवालात सार्वजनिक न्यासांच्या नियमांतल्या नियम 19 खाली एक प्रश्न असतो: न्यासाची मालमत्ता किंवा निधी न्यासाच्या उद्दिष्टांखेरीज अन्य कारणासाठी वापरला गेला आहे काय? मंडळीची घटना काढून बघितली. टाइपरायटरवरची, कडा पिवळ्या पडलेली. उद्दिष्टं चार: उपासना, सुवार्ताकार्य, इमारतीची देखभाल आणि मंडळीतील गरजू सभासदांना साहाय्य. सालगडी बसेल असा कोपरा त्या चारांत कुठंच नव्हता.

मे महिन्याचा रविवार होता. उपासना आटोपली की लगेच वार्षिक सभा. टिनाच्या छताखाली दोन कूलर, त्यातल्या एकात पाणी नाही. छताच्या दुरुस्तीसाठी मंडळीची दोन लाखांवर रक्कम एफडीत आहे आणि छत गळतं ते गळतंच. मी पाळकांच्या घरात बसून उरलेली व्हाउचरं बघायची, असं ठरलं होतं. पण हिशेब वाचताना गुरुजींनी स्वतःच ती 18,000 ची ओळ मोठ्यानं वाचली, शिवाय "ऑडिटवाले साहेब याच्यावर बोलतील" असं म्हणून मला आत बोलावलं. मी नियम सांगितला आणि खाली बसलो. पुढं तासभर जे झालं त्यात कायद्याचं नावही फारसं निघालं नाही.

विरोध केला तो एका तरुण डीकननं, म्हणजे मंडळीच्या एका सेवक-पदाधिकाऱ्यानं. गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, बायबल तोंडपाठ, बोलणं थंड. त्याचं म्हणणं असं की उपासनेत फिरणाऱ्या थैलीत पडलेला पैसा आणि खिशातला पैसा वेगळा. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी काढून ठेवायला सांगतो ती कोणासाठी? यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी. तीमथ्याला लिहिताना विधवांच्या यादीला साठ वर्षांची अट घालतो आणि बजावतो की जिला घरचं कुणी आहे तिचा भार मंडळीवर टाकू नका. आपल्या लोकांना देतानासुद्धा इतकी चाळणी. सर्वांचं बरं करा, हे गलतीकरांस पत्रात आहे, पण ते माणसामाणसाला सांगितलंय, पेटीला नाही. शेवटी त्यानं येशूनं सांगितलेला शोमरोन्याचा दाखला काढला, परक्या जखमीला मदत करणाऱ्याचा. "त्यानं वाटेवरच्या जखमी माणसाचे पैसे कोनाच्या थैलीतून भरले? सभास्थानाच्या? सोताच्या खिशातून भरले."

खरं सांगायचं तर मला हा युक्तिवाद आधी कंजूषपणाचा वाटला होता. पण तो याच्या डोक्यातून निघालेला नव्हे. अमेरिकेतल्या 'चर्चेस ऑफ ख्राईस्ट' मंडळ्यांत 1950 च्या दशकात नेमका यावरच वाद पेटला. मंडळीच्या तिजोरीतून अनाथाश्रमांना द्यावं का, मंडळीबाहेरच्या गरिबाला द्यावं का, यावरून मंडळ्या कायमच्या वेगळ्या झाल्या. तिकडचे वाद मोबाइलवरून टिनाच्या छताखाली येऊन पोचतात, हे आता नवीन राहिलेलं नाही.

पास्टरसाहेब शांतपणे उठले. त्यांचे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, स्वयंपाकी होते. 1983 ला ती सेमिनरी पुण्याला गेली, पण तिथल्या चर्चा यांच्या कानावर लहानपणीच पडलेल्या. त्यांनी करिंथकरांस दुसरं पत्र उघडलं. नवव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात पौल दानाच्या औदार्याबद्दल बोलताना यरुशलेमकरांबरोबर बाकीच्या सर्वांचाही उल्लेख करतो. डीकन म्हणाला, सर्व म्हणजे सर्व विश्वासणारे. पास्टर म्हणाले, पौलाला तसं म्हणायचं असतं तर त्यानं तसं लिहिलं असतं. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. त्या ओढाताणीत त्यांनी त्याच पत्राचा आठवा अध्यायही वाचला. तिथं पौल एवढी मोठी देणगी एकट्याच्या हातानं नेत नाही, मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. मी हिशेबाचा माणूस. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगाचं वचन तेच होतं, पण कुणी त्यावर थांबलं नाही.

मग मागून एक पंच म्हणाले, आणि खरा मुद्दा बाहेर आला. "शास्त्राचं राहू द्या जी. बाहेरच्याले पैसे देल्ले का गावात बोंब होते, आमिष देऊन बाटवून राह्यले म्हनून. आपल्याचले देल्ले तं म्हंते मतलबी लोक हायेत. आपुन कराव तं काय कराव?"

यावर कुणाकडे वचन नव्हतं. माझ्या अंदाजानं 'फक्त सभासदांना' ही अट त्या जुन्या घटनेत आली ती बहुधा याच भीतीपायी, पौलापायी नव्हे.

तेव्हा सिस्टरआजी उठल्या. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, अजून पांढरीच साडी नेसतात. डीकनकडे वळून म्हणाल्या, "बाबू, तुझा पंजोबा कोनाचा होता रे?" सगळ्यांना उत्तर माहीत होतं. 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900, असे दोन दुष्काळ या मुलखानं लागोपाठ बघितले. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली-विधवांना आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. इकडे वऱ्हाडातही मिशनांनी अनाथ पोरं गोळा करून सांभाळली. या मंडळीतली निम्मी घरं त्या पोरांची. आजी म्हणाल्या, "त्या टायमाले आपुन मंडळीत होतो का? कोन्या गोऱ्याच्या गावातल्या थैलीतून आपली भाकर आली. त्यायनं यादी पाह्यली असती तं तू आज इथं वचनं सांगाले नसता."

डीकन गप्प झाला नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "आजी, म्हनूनच लोकं म्हंतात ना, भाकरीसाठी झाले." सभेत कुजबुज झाली. त्याचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. हा टोमणा त्यानं शाळेपासून ऐकला असणार.

या भरातच तो सालगडी स्वतः आला. दाराशी चपला काढून उभा. अजून उन्हात चक्कर येते म्हणून डोक्याला ओला दुपट्टा. सालगड्यांचं साल गुढीपाडव्याला बदलतं, नव्या सालाची उचल मिळते. त्या उचलीतले 6,000 रुपये त्यानं पिशवीत आणले होते. पैसे टेबलावर ठेवून तो गुरुजींना म्हणाला, बाकीचे पुढच्या पाडव्याला देतो. आणि मग मला, कारण मी टेबलाशी कागद घेऊन बसलेलो: "साहेब, पावती पायजे. लोकं म्हंते तुहं नाव चर्चात लिहिलं. मालकबी इचारते. कागद असला का दाखोता येते."

"तुले कोनं मांगतले रे पैसे?" सिस्टरआजी.

"कोनी नाई मांगतले आजी. पन पावती पायजे."

गुरुजी पैसे घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, मदत परत घेत नसतात. मी म्हटलं, घ्या. त्याला पैसे परत करण्यापेक्षा कागद हवा होता, आणि तो कागद पैशांशिवाय त्याला अपमानाचा वाटला असता. पावती मीच लिहिली: 'वैद्यकीय मदतीपोटी दिलेल्या रु. 18,000 पैकी रु. 6,000 परत मिळाले. सदर रक्कम कर्ज नव्हती. ती देताना कोणतीही अट नव्हती व नाही.' त्यानं मोठ्यानं वाचायला लावली. 'अट नव्हती' हे वाक्य दुसऱ्यांदा वाचायला लावलं. रक्कम पाच हजारांवर, म्हणून गुरुजींनी पाकिटातून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट काढून चिकटवलं, पास्टरसाहेबांनी सही केली. राहिलेल्या रकमेचं काय, असं त्यानं विचारलं तेव्हा डीकनच पुढं झाला. "ते राहू दे भाऊ. त्याचा हिशेब माह्यावर." मग मला गुरुजींकडून कळलं की ऑक्टोबरातल्या त्या रात्री सालगड्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेणारा हा डीकनच, आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हलवल्यावर चार रात्री तिथं काढणाराही हाच.

सालगडी पावती घडी करून खिशात घालून गेला. त्यानंतर चर्चा एकदम व्यवहाराची झाली. डीकननं जागच्या जागी थैली फिरवायला लावली, बाहेरच्या माणसाच्या दवाखान्यासाठी म्हणून आधी सांगून. द्यायचं त्यानं जाणून द्यावं, हा त्याचा मुद्दा मला पटतो. माझं मत मी तिथंच सांगितलं: मंडळीनं बाहेर द्यावं, जरूर द्यावं. पण हातात रोख न देता बिलावर द्यावं, सभेत वाचून द्यावं आणि त्याचं खातं वेगळं ठेवावं. ज्या गावात देणाऱ्यावरच संशय घेतात तिथं उघड हिशेबाशिवाय देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा बचाव नाही. कायद्याचा कलही तिकडेच आहे. 1961 च्या आयकर कायद्यात धर्मादाय म्हणून सूट मागणारी संस्था एकाच धर्मसमुदायाच्या भल्यापुरती असेल तर तिला ती सूट नाकारलेली होती. एका पंचांनी सुचवलं की मदत दिलेल्या घरी पास्टरांनी जाऊच नये, म्हणजे बोलायला जागा उरणार नाही. सिस्टरआजींनी ते तिथल्या तिथं उडवून लावलं. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही तर पास्टर ठेवलाय कशाला, असं त्यांचं म्हणणं. मलाही ती सूचना भेकडपणाची वाटली.

अहवालात नियम 19 च्या त्या प्रश्नापुढं आम्ही 'होय' लिहिलं, खाली तपशील दिला, 6,000 परत आल्याची नोंद केली. डीकननं उरलेले 12,000 मे महिन्यातच भरले, पण दोन्ही रकमा पुढच्या वर्षाच्या हिशेबात. गुरुजींना शेरा लागला. ते नाराज झाले, मी समजूत घातली नाही.

घटना बदलायची तर संस्था नोंदणी कायदा 1860 च्या कलम 12 प्रमाणे विशेष सभा, तीन-पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा आणि पुन्हा तीन-पंचमांश. पहिली जूनमध्ये झाली, दुसरी जुलैत. दोन्हींत ठराव पास झाला. डीकननं दोन्ही वेळा विरोधात मत दिलं आणि दोन्ही वेळा सभेचं इतिवृत्त त्यानंच टाइप केलं. आता कागद धर्मादाय कार्यालयाकडे आहेत. तिकडून मंजुरी येईपर्यंत त्या दिवशी थैलीत जमलेली रक्कम वेगळ्या खात्यावर ठेवलीय, तिला हात लावायचा नाही असं मीच बजावून आलोय. कपाशी गुडघ्यावर आलीय. फवारणीचे पंप गावात निघालेत. काल गुरुजींचा फोन होता, मंजुरी कधी येईल म्हणून.