निधी मंजूर झाला म्हणजे नेमकं काय झालं?

तालुक्याच्या विश्रामगृहातली पत्रकार परिषद बहुतेक वेळा खुर्च्या मांडतानाच ठरून गेलेली असते. निरोप सकाळी व्हॉट्सॲपवर, वेळ बाराची, नेते येतात दीडला. पुढच्या दोन रांगांत कार्यकर्ते. पहिला प्रश्न जवळच्याच माणसाचा: "भाऊ, एवढा निधी आणला, काय सांगाल?" त्यात वीस मिनिटं जातात. मग "पुढचा कार्यक्रम आहे" म्हणून उठायचं आणि दारात चॅनेलच्या बूम माइकसमोर बाईट द्यायचा. प्रेसनोट आधीच टाइप केलेली. दुसऱ्या दिवशी तीच छापून येते.

सगळ्यात जास्त फसवणूक "मंजूर" या शब्दात होते. जळगाव जिल्ह्यातलं पाडळसरेचं धरण असो की गिरणा नदीवरचे बलून बंधारे (फुगवता येणाऱ्या रबराचे), घोषणा, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, निधी वितरण या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. रखडलेल्या प्रकल्पाला सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळाली म्हणजे वाढलेल्या खर्चाला संमती मिळाली. पैसा आला असं नव्हे. नेत्याने कागद उंचावला तर तो मागून घ्या आणि शेवटचा परिच्छेद वाचा. शासन निर्णयाचा संकेताक (त्याचा ओळख क्रमांक) तिथे असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. जुनाच निर्णय नवा म्हणून दाखवत असतील तर जागेवर कळतं.

प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. "केळी विम्याचे पैसे कधी?" याला "लवकरच" एवढंच मिळणार. हा विमा हवामानाच्या नोंदींवर ठरतो, म्हणून त्याऐवजी विचारा: आमच्या महसूल मंडळासाठी कोणत्या हवामान केंद्राची नोंद धरली, किती अर्ज अपात्र ठरले, कोणत्या कारणाने? यावर "माहिती घेतो" म्हणाले तर शेजारच्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. हे दोघा-तिघांनी आधी ठरवावं लागतं. एकटा वार्ताहर टिकत नाही, कारण त्याचं घर मानधनावर नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, आणि वाढदिवसाची पुरवणी त्याच नेत्याकडून मिळवायची असते. पत्रकारितेच्या स्वातंत्र्याचं खरं दुखणं हेच आहे. मालकांनी बातमी आणि जाहिरात वसुली एकाच माणसाच्या गळ्यात बांधणं थांबवलं पाहिजे.

परिषद सुरुवातीपासून स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. "विपर्यास केला" म्हणणाऱ्याला तेच उत्तर. बातमीत "या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही" हे वाक्य आवर्जून लिहा. ते कापलं जाणार असेल तर निदान मधल्या परिच्छेदात ठेवा, शेवटची ओळ जागेअभावी आधी जाते.

आणि अंगावर कोणी धावून आलं, मारहाण झाली, तर नुसत्या अदखलपात्र नोंदीवर परत फिरू नका. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात राज्याचा 2017 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. फिर्यादीवर सही करण्याआधी त्या कायद्याचं नाव त्यात आलंय का, हे वाचून बघा.