मुंबईचे बिबटे, ऐरोलीचे फ्लेमिंगो आणि घोडबंदरचा रस्ता: जाणाऱ्यांसाठी रोखठोक टिपण

मुंबईत वन्यप्राणी पाहायला जाणाऱ्यांनी रात्रीच्या ‘बिबट्या दर्शन’ फेरीवर एक रुपयाही खर्च करू नये, हे आधीच सांगून टाकतो. शहरात राहून प्राणी कसे बदलतात हे प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने आम्ही तिघे फेब्रुवारीअखेर पुण्याहून निघालो होतो. गोरेगावजवळचे आरेचे रान, ऐरोलीची खाडी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी आणि त्याच उद्यानाचा वसई खाडीपलीकडचा नागला खंड असा बेत होता. त्यात सर्वांत महाग गोष्ट सर्वांत टाकाऊ निघाली, आणि ज्या गोष्टींना पैसे पडले नाहीत त्यांतूनच काही शिकता आले. दोन-तीन तास सलग चालता येते, घोट्यापर्यंतचे बूट, दुर्बीण आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ आहे, हे मी गृहीत धरतो.

आधी आरेतील रात्र. आयोजकांनी माणशी 1200 रुपये घेतले. शिवाय टॉर्चचे भाडे वेगळे आणि शेवटी ‘स्थानिक वाटाड्यासाठी’ म्हणून वर्गणी वेगळी. हा स्थानिक वाटाड्या आम्हांला कुठेच दिसला नाही. गट छोटा असेल असे सांगितले होते, पण जमलेल्या मंडळींना एका मिनीबसमध्ये बसवणे कठीण गेले असते. चहाच्या टपरीपासून एका तबेल्याच्या मागच्या बाजूपर्यंत डांबरी रस्त्याने जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, एवढाच तो ‘जंगलातला मार्ग’. वाटेत एक विंचू, काही पाली आणि एक पिंगळा दिसला. त्या पिंगळ्याच्या डोळ्यांत प्रकाशझोत मारून सर्वांचे फोटो होईपर्यंत त्याला जागचे हलू दिले गेले नाही. एवढा गोंगाट करत चाललेल्या माणसांच्या वाटेवर बिबट्या येईल असे ज्याला खरोखर वाटते, त्याने बिबट्याविषयी काहीच ऐकलेले नसावे. आणि ज्याला तसे वाटत नसूनही तो पैसे घेतो, त्याच्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही.

पैशांपेक्षाही मला चीड आली ती वाटेतल्या व्याख्यानाची. मुंबईचा बिबट्या आता ‘उत्क्रांत होऊन वेगळी जात’ झाला आहे, कुत्री खाऊन त्याचे शरीर लहान झाले आहे, आणि फ्लेमिंगोही तसेच सांडपाणी पचवण्यासाठी उत्क्रांत झाले आहेत, असे आम्हांला ठासून सांगण्यात आले. यातले जवळजवळ सगळे चुकीचे आहे. ऐकणारे शाळकरी मुलांना घेऊन आलेले होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. तेथे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून केलेल्या मोजणीत 2015 मध्ये 35 आणि 2018 मध्ये 47 बिबटे ओळखले गेले. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यावरून ते ओळखतात. एवढ्या थोड्या जागेत एवढे बिबटे राहू शकतात याचे मोठे कारण उद्यानाच्या कडेची कुत्री. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की येथील बिबटे वर्षाला सुमारे 1500 भटकी कुत्री खातात. कुत्री कचऱ्यावर वाढतात, कचरा आपण टाकतो, आणि बिबट्याला हरणामागे डोंगर चढण्याऐवजी वस्तीच्या कडेला येऊन जेवता येते. हा बदल वागण्यातला आहे. माणसे झोपल्यावर बाहेर पडायचे, दिवे आणि आवाज यांना बिचकायचे नाही, पण माणसाच्या दृष्टीस पडायचे नाही, हे पिल्लू आईबरोबर फिरताना शिकते. शरीर वेगळे होऊन नवी जात बनण्यासाठी गुणधर्म पिढ्यान् पिढ्या निवडले जावे लागतात आणि बाहेरच्या बिबट्यांशी संकर थांबावा लागतो. या दोन्ही गोष्टी येथे घडलेल्या नाहीत.

संकर थांबलेला नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा ‘आजोबा’ नावाचा नर आहे. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावली आणि माळशेज घाटात सोडले. तेथून तो चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, शंभराहून अधिक किलोमीटर वाट तुडवून बोरिवलीच्या जंगलात, म्हणजे याच उद्यानात, पोहोचला. उसाच्या शेतांच्या मुलखातला बिबट्या आणि मुंबईचा बिबट्या यांच्यात इतपतच अंतर आहे. तुलनेसाठी इंग्लंडमधील मँचेस्टरचा पतंग घ्यावा. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडली, तेव्हा 1848 मध्ये प्रथम नोंदला गेलेला काळा पतंग 1895 पर्यंत त्या भागात जवळजवळ 98 टक्के झाला, कारण फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसत आणि खाल्ले जात. पतंगाची पिढी वर्षाची, पक्ष्यांची निवड निष्ठुर आणि रंग ठरवणारा आनुवंशिक फरक साधा, म्हणून ते एवढ्या लवकर घडले. पंचवीस-तीस वर्षांत बिबट्याची ‘नवी जात’ घडवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

खरोखर शहरासाठी घडलेला प्राणी त्या रात्री आमच्या मुक्कामाच्या खोलीत होता. ठाण्याच्या त्या लॉजच्या गच्चीवरील टाकीचे झाकण अर्धे उघडे होते आणि खोलीत डास मोजता येणार नाहीत इतके. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास आपल्या शहरांतील विहिरी, हौद आणि गच्चीवरच्या टाक्या यांत अंडी घालतो. त्याच्या अंड्यावरील कंगोऱ्यांच्या संख्येवरून त्याची तीन रूपे ओळखतात, आणि मलेरियाच्या दृष्टीने घातक ठरते ते प्रामुख्याने शहरी रूप. 2012 मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला आणि 2016 मध्ये इथिओपियात सापडला, आणि तेथेही त्याने साठवणीच्या पाण्याचाच आश्रय घेतला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची कथा याहून पुढची आहे. आफ्रिकेतील जंगलात त्याचे पूर्वज इतर प्राण्यांचे रक्त पीत. माणसाच्या वस्तीत आलेल्या रूपाला माणसाचा वास अधिक आवडू लागला, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा फरक एका गंधग्राही जनुकाशी जोडलेला आढळला. कीटकनाशकांना न जुमानणारे डास तर आपल्या डोळ्यांदेखत निवडले गेले आहेत. मुलांना उत्क्रांती दाखवायची असेल तर त्यांना आपल्या सोसायटीच्या टाकीपाशी न्यावे, शुल्क लागत नाही. मुक्कामाची खोली घेण्यापूर्वी गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण पाहावे. आम्ही पुढचा मुक्काम याच एका निकषावर निवडला आणि शांत झोप लागली.

आरे पाहायचेच असेल तर दिवसा जावे. सकाळी गोरेगावहून रिक्षाने पोहोचून आम्ही एका वारली पाड्यावर चहा घेतला. तेथील मावशींनी दहा मिनिटांत जे सांगितले ते रात्रीच्या व्याख्यानापेक्षा कितीतरी मोलाचे होते. कुत्री कोणत्या बाजूला तोंड करून भुंकतात ते पाहायचे, आणि भुंकणारी कुत्री अचानक गप्प होऊन घरात शिरली की दार लावून घ्यायचे. “तो आमच्याकडं बघायला येत नाय, दादा, कुत्र्याकडं येतो,” असे त्या म्हणाल्या. पाड्यांवर वाघोबा या देवाचे ठाणे असते, तेथे फोटो काढण्यापूर्वी विचारावे. अंधार पडल्यावर मुलांना हात सोडून चालू देऊ नये, झुडपांच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसू नये, आणि उघड्यावर विधीला तर मुळीच जाऊ नये. वाकलेली आकृती बिबट्याला माणूस वाटत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आरेत दीड वर्षाचीही न झालेली एक मुलगी बळी पडली. ही भीती दाखवण्याची गोष्ट नाही, पण विसरण्याचीही नाही. शिवाय आरेतील 800 हून अधिक एकर जागा आता राखीव वन आहे, तेथे परवानगीशिवाय शिरणे गुन्हा आहे. आयोजक हे सांगत नाहीत.

ऐरोलीचा धडा वेगळा. तेथील केंद्रातून निघणारी वन विभागाची बोट उत्तम आहे आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आमचे आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थाची, ज्याने “फ्लेमिंगो दिवसभर असतात, दहाला या” असे सांगितले. बोट पाण्यावर चालते आणि पाणी भरतीवर येते. त्या दिवशी दहाला खाडीत चिखल होता, आणि आम्हांला दुपारपर्यंत उन्हात बसावे लागले. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघण्यापूर्वी त्या तारखेचे भरती-ओहोटीचे कोष्टक स्वतः पाहावे आणि कोणाच्या शब्दावर विसंबू नये. पाणी चढत असताना पक्षी चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यांवर दाटीने गोळा होतात आणि जवळून दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते उडून नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जातात, तेव्हा बोट मिळाली नाही तरी तेथे रस्त्यावरून फुकट पाहता येतात. पूर्ण ओहोटीला ते इतके दूर पसरतात की दुर्बिणीतही गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही.

आता या पक्ष्यांचे काय बदलले? माझ्या मते फारसे काहीच नाही, बदलली ती खाडी. छोट्या रोहिताची (येथे येणाऱ्या लहान फ्लेमिंगोची) चोच सूक्ष्म शैवाल गाळून घेण्यासाठी फार पूर्वीच घडलेली आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या सांडपाण्याने खाडीत नत्र आणि स्फुरद ओतले, त्यावर शैवाल माजले, आणि 1990 च्या दशकापासून हे पक्षी हजारांनी येऊ लागले. आता त्यांची संख्या लाखावर जाते. 2015 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. शहराने नकळत जेवणाची पंगत मांडली आणि ज्याच्याकडे आधीपासून योग्य चमचा होता तो येऊन बसला, असा हा प्रकार आहे. ही पंगत किती बेभरवशाची आहे ते मे 2024 मध्ये दिसले, जेव्हा घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून सुमारे 40 पक्षी एका रात्रीत मेले. विमाने टाळायला फ्लेमिंगो अजून शिकलेले नाहीत, आणि त्यांना शिकायला वेळ मिळेल असेही दिसत नाही. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. मार्चपासून पक्षी अधिक गुलाबी दिसतात, पण ऊनही तितकेच वाढते.

कान्हेरी छान आहे. सोमवारी उद्यान बंद असते आणि माकडांसमोर पिशवी उघडू नये.

आता घोडबंदर रस्ता, ज्याच्यावर मी या संपूर्ण टिपणाएवढे लिहू शकतो. ठाण्याहून नागल्याला जायला नकाशावर हाच सरळ मार्ग दिसतो, आणि आम्हांला भेटलेल्या प्रत्येकाने “सकाळी मोकळा असतो” असेच सांगितले. तो मोकळा नसतो. कासारवडवलीपासून गायमुख घाटापर्यंत खड्डे, मेट्रोचे खांब आणि अवजड ट्रक. घाटात एक कंटेनर बंद पडला की पुढे फाउंटन नाक्यापर्यंत सारे थिजते. अर्ध्या तासाच्या अंतराला आम्हांला जवळजवळ तीन तास लागले, आणि गाडीवाल्याने त्या तीन तासांचे ‘वेटिंग’ म्हणून पुन्हा पैसे मागितले. भांडून निम्मे कमी झाले. एका बाजूला उद्यानाची डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधून ही ट्रकांची भिंत. उत्तरेला तुंगारेश्वरकडे जाणाऱ्या प्राण्याला हा रस्ता आणि खाडी पार करावी लागते, शिवाय जवळूनच अहमदाबाद महामार्ग जातो. आजोबाने माळशेजपासून एवढी वाट काढली, आणि डिसेंबर 2011 मध्ये तो त्याच महामार्गावर वाहनाखाली सापडला. रात्रीच्या वेळा, कुत्री, दिवे हे सारे बिबट्या शिकतो, पण ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या ट्रकचा अंदाज शिकण्यासाठी दुसरी संधी मिळत नाही.

तुम्ही तरी या रस्त्याने जाऊ नका. पश्चिम रेल्वेने नायगावला उतरावे आणि पूर्वेकडून रिक्षाने नागल्याजवळच्या ससूनवघर गावी जावे. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, कारण महामार्गावर उतरल्यावर मागितला जाणारा आकडा वेगळा असतो. नागल्यासाठी उद्यान प्रशासनाची परवानगी आधी काढावी लागते आणि दारावर ती मिळेल या आशेवर जाऊ नये. आतली वाट सोपी आहे, पण तिच्यावर पाणी मिळत नाही, म्हणून माणशी दोन लिटर बरोबर न्यावे. उजाडताच चालू लागलात तर मऊ मातीवर रात्रीच्या पंज्यांचे ठसे मिळण्याची शक्यता असते. आम्हांला एक स्पष्ट ठसा मिळाला, आणि त्याच्यावरूनच एका कुत्र्याचा ठसा गेलेला होता. साडेनऊनंतर सहलीचे गट येतात आणि वाट तुडवली जाते, तेव्हा दहापर्यंत बाहेर पडून परतीची लोकल पकडावी.