तुम्ही विचारलंत म्हणून: कृष्णविवरातून झोत बाहेर येतो कसा?

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला शाळांच्या गाड्या येतात, आणि मी कृष्णविवरांच्या झोतांविषयी बोलू लागलो की कोणीतरी विचारतेच, "सर, तिथून प्रकाशसुद्धा सुटत नाही, मग झोत बाहेर येतो कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. गर्दीत उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला नेहमीच अपुरे वाटते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

झोत कृष्णविवराच्या आतून येत नाही. घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून माघार नाही त्या कृष्णविवराच्या सीमेच्या, पलीकडे गेलेले काहीही परतत नाही, हा नियम येथेही मोडत नाही. बाहेर फेकले जाते ते आत पडण्यापूर्वीचे द्रव्य. क्ष-किरण जुळ्यांमध्ये कृष्णविवर आणि एक तारा परस्परांभोवती फिरत असतात. ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, परंतु त्याला मुळातच फिरण्याची गती असल्याने तो सरळ आत न पडता भोवऱ्यासारखा घुमत राहतो आणि त्याची तबकडी बनते. तिचा आतला भाग इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. वायूबरोबर आत आलेले चुंबकीय क्षेत्र पिळले जाते आणि काही द्रव्य तबकडीच्या वर व खाली, दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशवेगाच्या जवळपास वेगाने भिरकावले जाते. ही ऊर्जा तबकडीच्या फिरण्यातून येते की, 1977 मध्ये ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी मांडल्याप्रमाणे, कृष्णविवराच्या स्वतःच्या परिवलनातून, हा वाद अद्याप मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. त्यातही नियमभंग नाही, कारण परिवलनाची ऊर्जा क्षितिजाबाहेरच्या, कृष्णविवराबरोबर फरफटत फिरणाऱ्या अवकाशातून काढून घेता येते.

हे घडताना पाहायचे असेल तर गरुड तारकासमूहातल्या जीआरएस 1915+105 या क्ष-किरण जुळ्याकडे वळावे. ग्रॅनाट उपग्रहाला हा स्रोत 1992 मध्ये सापडला आणि त्यातले कृष्णविवर सुमारे 12 सूर्यांइतक्या वस्तुमानाचे आहे. 1994 मध्ये मिराबेल आणि रॉड्रिगेझ या खगोलशास्त्रज्ञांनी त्यातून निघालेले ढग रेडिओ लहरींत टिपले, तेव्हा ते प्रकाशापेक्षा वेगाने सरकल्यासारखे दिसले. तो दृष्टिभ्रम होता; आपल्या दिशेने झुकून येणारी वस्तू स्वतःच्याच प्रकाशाचा जवळजवळ पाठलाग करत असते, त्यामुळे मधला काळ आपल्याला आखूड भासतो. मला मात्र 1997 चे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. त्यात तबकडीच्या आतल्या भागाचे क्ष-किरण एकाएकी मंदावले, म्हणजे तो भाग रिकामा झाला; ते परतू लागताच अवरक्त किरणांचा उद्रेक झाला आणि त्यामागोमाग रेडिओ लहरींचा. तबकडी रिकामी होणे आणि झोत सुटणे यांचे नाते अर्ध्या तासाच्या आवर्तनांत समोर आले.

एम 87 दीर्घिकेचा झोत खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिस यांनी 1918 मध्येच नोंदवला होता, पण तिथले कृष्णविवर साडेसहाशे कोटी सूर्यांइतके आहे आणि अशा घडामोडींचा काळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. येथे अर्ध्या तासात उरकणाऱ्या आवर्तनाला तिथे साधारण 30 हजार वर्षे लागतील. मी लहान कृष्णविवरांवर काम करतो त्याचे खरे कारण हे आहे.

2018 मध्ये जीआरएस 1915+105 क्ष-किरणांत अचानक मंदावला आणि तो आता शांत होणार असे अनेकांना वाटले. रेडिओ उद्रेक मात्र येतच राहिले. आतला भाग दाट वायूच्या पडद्याआड गेला असावा असे आता मानले जाते, आणि तबकडीतून अजूनही द्रव्य आत पडत आहे हे आपल्याला कळले ते त्या झोतांमुळेच.