ग्रीस बाहेर येत होतं म्हणून सगळे खुश होते

हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, त्यात १० टनाची ईओटी क्रेन, म्हणजे शेडच्या वरून रुळांवर चालणारी विजेची, आणि ही गोष्ट त्या क्रेनच्या हुक ब्लॉकची, म्हणजे रोपला लटकणाऱ्या हुक आणि पुल्यांच्या भागाची. मे महिना, नागपूरचा मे म्हणजे पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. टाकीचा शेल उचलायचा होता आणि ऑपरेटरने अर्ध्यात क्रेन थांबवली. म्हणे, "साहेब, डाव्या पुलीतून आवाज येऊन राहिला, अन् पुली डुलून राहिली." प्रोडक्शनवाल्यांचं नेहमीचं, एवढा एक शेल ठेवून घेऊ मग बघा. मी नाही म्हटलं. लटकलेल्या लोडखाली बेअरिंग आणखी एक लिफ्ट काढेल की नाही याचा अंदाज बांधायला मी ज्योतिषी नाही. शेल तसाच सावकाश खाली टेकवला आणि क्रेनला 'वापरू नका'चा टॅग लावला.

गंमत अशी की याच पुलीचं बेअरिंग काही महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका कॉन्ट्रॅक्टरने बदललं होतं. आणि ग्रीसिंग तर अगदी वेळच्या वेळी, हेल्पर पोरगा पुलीच्या पिनच्या निप्पलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, गन लावायचा, दाबायचा, पुलीच्या बाजूने ग्रीस बाहेर आलं की पुसून रजिस्टरवर सही. ग्रीस बाहेर येतंय म्हणजे आत गेलंय, असा सगळ्यांचा हिशोब. फक्त बाहेर येणारं ग्रीस काळपट राखाडी होतं, बोटावर चोळलं की चमकायचं. चमकतं म्हणजे लोखंड आहे त्यात, पण पुसणाऱ्याला ते घाण ग्रीसच वाटणार ना.

ब्लॉक स्टँडवर ठेवला, रोप सैल केला, लॉक प्लेट काढली आणि पिन काढायला घेतली तर पिन निघेना. आमचे फिटर काका, बाविशी-तेविशीपासून याच लाईनमधे, त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे उलटं बसवलंय." पुलर लावून कशीबशी पिन सुटली. बेअरिंगची आतली कडी, इनर रेस, पिनवर ठोकून घट्ट बसवलेली, आणि बाहेरची कडी, आउटर रेस, पुलीच्या मधल्या भोकातून, हबमधून, बोटाने ढकलली तरी बाहेर यायची! भोक मोजायचा बोअर डायल लावला तर बेअरिंगचं ११० मिलिमीटरचं घर जवळपास पाऊण मिलिमीटर मोठं झालेलं, आतून आरशासारखं घासलेलं. आत ६२१२ नंबरचे दोन बॉल बेअरिंग होते, रबर सीलवाले, एक आतून वाळलेल्या ग्रीसने जवळजवळ जाम आणि दुसरं अजून बऱ्यापैकी फिरत होतं. म्हणजे बेअरिंगपेक्षा पुलीच जास्त खाल्ली गेली.

झालं असं की त्या कॉन्ट्रॅक्टरने मोटरचं बेअरिंग बसवतात तसं बसवलं. मोटरमधे शाफ्ट फिरतो, म्हणून फिरणारी इनर रेस घट्ट आणि आउटर सरकती. पुलीत पिन उभीच असते, फिरते ती पुली आणि तिच्यासोबत आउटर रेस. लोड कायम पिनच्या खालच्या अंगाला, आणि आउटर रेसचा प्रत्येक भाग आळीपाळीने त्या लोडखालून जातो, ती थोडी जरी सैल असली की हबमधे सरकत राहते आणि घर खात राहते. म्हणून इथे आउटर घट्ट दाबून बसवायची आणि पिन हाताने आत जायला हवी. आणि ते ग्रीस? पिनच्या भोकातून दोन बेअरिंगच्या मधे यायचं, दोन्हीकडे रबर सील आडवं, मग सैल आउटर रेसच्या वरून वाट काढून बाहेर. आत एक थेंब नाही. बरं, पहिल्या दिवसापासून रजिस्टर एकदम टापटीप!

आता प्रश्न काय बसवायचं. कंपनीची नवीन पुली यायला वेळ, आणि स्टोअरवाला म्हणे ६२१२ दोन पडलेच आहेत. मी कागदावर हिशोब केला. चार फॉलचा ब्लॉक, म्हणजे रोपचे चार पदर, खाली दोन पुल्या, म्हणजे १० टनात एका पुलीवर ५ टन, ४९ किलोन्यूटन. ६२१२ ची स्टॅटिक कपॅसिटी, म्हणजे उभ्या उभ्या पेलायची ताकद, एकाची ३६, जोडीची ७२. म्हणजे दीडपटच्या आत, त्यात झटका आणि ब्लॉकचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. पुली फिरते किती तर मिनिटाला तीन-चार फेरे, इथे बेअरिंग पळून थकत नाही, लोडखाली उभ्या उभ्या दबून मरतं, म्हणून बघायचा तो स्टॅटिक आकडा. मग डबल रो फुल कॉम्प्लिमेंट रोलर घेतलं, म्हणजे रोलरच्या दोन ओळी खच्चून भरलेलं, ५०१२ सिरीजचं, मिलिमीटरमधे ६० चा बोअर, ९५ बाहेरून, ४६ रुंदी. रोलर वेगळे ठेवणारा पिंजरा, केज, नाही, सगळी जागा रोलरचीच, त्यामुळे कपॅसिटी त्या जोडीच्या दुपटीहून बरीच जास्त, आणि रोप थोडा तिरका ओढला तरी साइड लोड पेलतं. केज नसलेलं बेअरिंग जोरात पळवायचं नसतं, पण आपल्याला कुठे पळवायचंय. शिवाय इनर रेसमधे ग्रीसचं भोक असतं.

आणि माप बघा, दोन ६२१२ आणि मधला २ चा स्पेसर मिळून ४६ च. बाहेरचा फरक ११० आणि ९५, तेवढ्यात स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसते! खराब हब थोडं बोअर करून घेतलं, शेजारच्या लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह करून घेतली, पुली गरम करून स्लीव्ह आत सोडली, मग तिचा बोअर फायनल केला. भिंत पुरेशी जाड आहे का ते आधी बघितलं होतं, पातळ असती तर पुली स्क्रॅपच. बेअरिंग प्रेसवर आउटर रेसवरूनच दाबलं, ते सरकू नये म्हणून सर्कलिप टाकले. पिन मात्र हाताने सरकली तसा हेल्पर घाबरला, "साहेब, हे तं ढिलं आहे ना!" काकांनी त्याला पिन धरायला लावून पुली फिरवून दाखवली, काय फिरतं आणि काय उभं आहे ते.

दुसरी पुली उघडली तर तीही तशीच बसवलेली होती, फक्त घर अजून वाचलं होतं, पण दोन्हींत एकसारखंच बेअरिंग हवं म्हणून तिलाही स्लीव्ह केली. ग्रीस लिथियम ईपी २, जड लोडसाठीचं, आणि इतक्या हळू फिरणाऱ्याला पूर्ण भरलं तरी चालतं, मोटरसारखं अर्धं रिकामं ठेवायची गरज नाही. वर रोपच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणारी इक्वलायझर पुली असते, ती फारशी फिरत नाही म्हणून तिच्याकडे कोणी बघतच नाही, तिचं निप्पल रंगाखाली बुजलेलं सापडलं, तेही मोकळं केलं. मग कॉम्पिटंट पर्सनला, म्हणजे क्रेन तपासायचा सरकारी अधिकार असलेल्या माणसाला, बोलावून १२.५ टनाची टेस्ट घेतली आणि टॅग काढला.

स्टोअरच्या कार्डावर आता बेअरिंगच्या नंबरपुढे लिहून ठेवलंय, आउटर घट्ट, पिन सरकती. परचेसवाल्याचा तरी फोन आलाच, ६२१२ निम्म्याहून कमी भावात मिळतंय, तेच का नको. त्याला म्हटलं, शॉपवर ये, जुनी आउटर रेस ठेवलीय टेबलावर, ती बघ आणि मग भाव सांग.