माजी सैनिकासाठी लाकडी झेंडा : सात फळ्या, तेरा पट्टे

इथे अमेरिकेत सैन्यातून निवृत्त होणाऱ्याला किंवा ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेला लाकडी राष्ट्रध्वज भेट देतात. (मे अखेरचा मेमोरियल डे धारातीर्थी पडलेल्यांचा. हयात माणसाला त्या दिवशी भेट देऊ नये.)

मी १९.५ × ३७ इंचांचा झेंडा करतो, कारण बाजारात ‘१ बाय २’ म्हणून मिळणारी पाइनची पट्टी प्रत्यक्षात दीड इंच रुंद असते. दीड गुणिले १३ म्हणजे १९.५, आणि उंची-लांबीचं अधिकृत प्रमाण १ : १.९. आठ फुटी सात पट्ट्या पुरतात. प्रत्येकीतून ३८ इंचांचे (एक इंच छाटायला जास्त) दोन तुकडे काढले की वीस इंच उरतात. त्या सात उरलेल्या तुकड्यांचा निळा चौकोन होतो : १०.५ × १४.८ इंच. चौदावा लांब तुकडा रंग तपासायला. दुकानातच पट्टी डोळ्यासमोर धरून बाक पाहा. पांढऱ्या पट्ट्याला गाठ असलेली पट्टी नकोच, गाठीतला चीक महिन्याभरात पिवळा डाग होऊन वर येतो.

सगळं अवलंबून आहे क्रमावर : आधी लाकूड वरवर जाळणं, मग रंग, मग चिकटवणं. ब्लोटॉर्च एका जागी थांबवला की खड्डा पडतो, म्हणून हात सतत फिरता हवा. मऊ भाग लवकर काळवंडतो, रेषा उठून दिसतात. काजळी तारेच्या ब्रशने झाडली नाही, तर लाल रंग चॉकलेटी दिसतो. पट्ट्या आधी चिकटवून मग रंगवल्या, तर लाल रंग सांध्यातून शेजारच्या पांढऱ्यात झिरपतो आणि जिथे ग्लू सांडला तिथे स्टेन (लाकडात मुरणारा रंग) बसतच नाही. मी हे दोन्ही करून पाहिलंय. तेलाच्या स्टेनची फडकी चोळामोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

चौकोनाशेजारी सात पट्टे, पहिला आणि सातवा लाल. खाली सहा, सुरुवात पांढऱ्याने.

ताऱ्यांसाठी चौकोनाची उंची १० आणि रुंदी १२ भागांत आखा. ताऱ्यांच्या ओळी नऊ, आळीपाळीने सहा-पाच-सहा अशा. तारा १.२ इंचांचा. स्टेन्सिल (ताऱ्यांचा कापलेला साचा) चिकटवल्यावर आधी क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, पातळ हात मारा, पांढरा त्यानंतर. नाहीतर तो रेषांतून पसरतो आणि टोकं बोथट होतात.

मागे झेंड्याच्या पट्ट्यांना आडव्या जाणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या लागतात. त्यांना ग्लू फक्त मध्ये, टोकांना लांबट भोकात स्क्रू. पूर्ण चिकटवल्या, तर हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आखडून सांधा उघडतो. वरून पाण्याचा क्लिअर कोट द्या, तेलाचं पॉलियुरेथेन वार्निश पांढऱ्याला पिवळं करतं.

नाव, तुकडी, सेवेची वर्षं पितळी पट्टीवर लिहून मागे लावतो. ध्वजसंहिता झेंड्यावर अक्षरं नको म्हणते. घेणारे पुष्कळदा समोरच मागतात, तेव्हा खाली वेगळी फळी जोडून देतो. उभा टांगायचा असेल, तर निळा चौकोन पाहणाऱ्याच्या डावीकडे वर यायला हवा. नुसता फिरवून तो उजवीकडे जातो, म्हणून कसा टांगणार हे पट्टे मांडण्याआधीच विचारून घ्या.